अजून एक हात

आवाज तसा मोठा नव्हता. कुणी लांबलचक कापड एका दमात फाडावं, तेवढाच. पण तो तिच्या दातांत शिरला, तिथून मानेत उतरला, आणि गाडी बंद करून दोन्ही हात मांडीवर ठेवल्यावरही कितीतरी वेळ आत कुठंतरी चालूच राहिला. इमारतीखालच्या खांबांमधून गाडी बाहेर काढायची, फाटकापर्यंत न्यायची, वळवायची आणि परत जागेवर आणून लावायची, एवढाच आज सकाळचा बेत होता. खांब काही आज उगवला नव्हता. नवरा गाडी काढायचा तेव्हा ती त्याच खांबाला टेकून, पर्स सांभाळत उभी राहायची आणि गाडी मोकळ्या जागेत आली की मग दार उघडून बसायची. म्हणजे खांबाशी तिची ओळख होती ती बाहेरून. आत बसल्यावर तो किती जवळ येतो, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि सांगू शकला असता तो माणूस आता नव्हता.

ती उतरली. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर, कमरेच्या उंचीला, एक लांब ओरखडा उमटला होता. दोन्ही टोकांना नुसता पांढरट, आत राखाडी, आणि अगदी मधोमध अंगठ्याएवढ्या जागेत रंग पार निघून पत्रा उघडा पडला होता. गाडीचा रंग डाळिंबी. त्यात तो उघडा पत्रा बघताना तिला एखाद्याच्या खोलीत न विचारता शिरल्यासारखं वाटलं. तिनं आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मग तिनं ओरखड्यावरून आडवं नख फिरवलं. टोकांना ते सरळ निघून गेलं, मध्ये अडकलं. हे सगळं सवयीनं होत होतं. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांवर कॅपा बसवायच्या आणि कड कुठं उचलली गेली आहे का, ते नखानं चाचपायचं. नख अडकलं की कॅप परत पहिल्या टेबलावर. इथं परत पाठवायची सोय नव्हती.

आता त्याला सांगायचं कसं, असं तिच्या मनात आलं. आलं आणि निघूनही गेलं, आणि त्या निघून जाण्यानं ती क्षणभर जिन्याची एक पायरी चुकल्यासारखी हलली. वर्ष होत आलं होतं तरी हे असं व्हायचं. तसा तो रागावणारा माणूस नव्हता. त्यानं कधी आवाज चढवल्याचं तिला आठवत नव्हतं. पण गाडीच्या बाबतीत जरा हळवा. सुट्टीच्या दिवशी बादली आणि मऊ फडकं घेऊन खाली गेला की दुपारच्या जेवणालाच वर यायचा. दार लावताना "हळू गं" म्हणायचा. दार लागायच्या आधीच म्हणायचा. लायसन्स तिनंही काढलं होतं, त्याच्याच आग्रहावरून. पण ती चालवायला बसली की तो शेजारी बसून दारावरची कडी धरायचा आणि श्वास आत घ्यायचा. बस्स, तेवढंच. बोलायचा काही नाही. तो श्वास बाहेर कधी पडतो त्याची वाट बघण्यात तिचं रस्त्याकडे लक्ष राहायचं नाही. मग एक दिवस ती म्हणाली, तूच चालव बाबा, आणि तो म्हणाला, बरं. इतक्या गोडीनं ते मिटलं की तिथं काही मिटण्यासारखं होतं, हेच दोघं विसरून गेले.

वर जाऊन आईंना सांगणं भाग होतं. आई म्हणजे त्याची आई. तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत आता त्या दोघीच राहत होत्या, आणि दोघीही एकमेकींकडे पाहुण्या आल्यासारख्या वागत होत्या. सकाळचा चहा कुणी करायचा यावर रोज हलकीशी ओढाताण व्हायची. राहू द्या आई, मी करते. नको गं, तुला कामावर जायचंय. एकीनं पंखा बंद केला की दुसरी विचारायची, तुम्हाला चालेल ना? तुला चालेल ना? तो होता तेव्हा असं नव्हतं. तेव्हा दोघी भाजीतल्या मिठावरून सरळ भांडायच्या आणि तो ताटावरून डोकं न उचलता म्हणायचा, मीठ बरोबर आहे, तुम्ही दोघी जास्त झाल्या आहात. तो गेल्यावर भांडण बंद झालं, आणि भांडणाबरोबर आणखी काय काय बंद झालं ते दोघींनाही नीट सांगता आलं नसतं. मधलं माणूस निघून गेलं की दोन्हीकडची टोकं एकमेकांची कोण लागतात? आईंची मुलगी, त्याची थोरली बहीण, पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "आई, आता तू माझ्याकडे यायचंस." आई म्हणाल्या, "बघू." आणि त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "आई, तुम्हाला बरं वाटेल तसं करा." अगदी मनापासून म्हणाली होती ती. लेकीकडे जाणाऱ्या आईला अडवणारी आपण कोण, असंच तिला वाटलं होतं. पण वाक्य तोंडातून निघालं तेव्हा त्याचा सूर तिचा तिलाच निराळा लागला. कुणासाठी तरी दार उघडं धरून उभं राहावं, तसा. नंतर ते परत घ्यायचं कसं, हे काही तिला सुचलं नाही. बघता बघता जायचा दिवसही ठरला, येता रविवार. बसचा प्रवास आईंच्या गुडघ्यांना झेपणारा नव्हता, म्हणून "मी गाडीनं सोडते" हेही तीच म्हणाली होती. सकाळचा सराव त्यासाठीच चालला होता.

दार आईंनीच उघडलं. त्या मघापासून बाल्कनीत कान देऊन उभ्या होत्या, आवाज वर ऐकू आला होता.

"लागलं का कुठं?"

"मला नाही. गाडीला लागलंय."

"तेच विचारतेय. तू धड आहेस ते दिसतंय मला." आणि मग, चप्पल शोधत, "चल, बघू दे."

तो गेल्यापासून आई खाली उतरल्या नव्हत्या. दवाखान्यात काय त्या एकदा गेल्या होत्या. लिफ्टमध्ये त्यांनी तिचा दंड धरला, आणि तो हात किती हलका आहे, हाडांवर नुसती सैल कातडी राहिली आहे, हे तिला इतक्या दिवसांत पहिल्यांदा कळलं. एका घरात राहून त्या दोघींनी एकमेकींना हातही लावला नव्हता. ओरखड्यासमोर आई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. कुणाच्या तरी आजारपणाला भेटायला आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. मग म्हणाल्या, "ह्या अशा गाडीनं मी थोरलीच्या दारात उतरणार नाही. जावई उठून बघायला येतील आणि म्हणतील, झालं, फोडली गाडी. आधी ही नीट कर. मग जाऊ."

गॅरेजवाल्याला फोन केला. फोटो पाठवला. त्याचं म्हणणं, एवढ्याशा जागेला रंग लावून भागत नाही, आख्खं दार रंगवायला लागेल, आणि ते शेजारच्या दाराशी जुळायचं तर तेही. तो आकडा बोलला तेव्हा तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला, त्या कानाला जरा कमी ऐकू येईल अशा आशेनं. "डेंटिंग-पेंटिंगचं काम असंच असतं, मॅडम," तो म्हणाला. एका पगारावर घर चालत होतं, आणि त्या पगारात दोन दारं बसत नव्हती. तिनं "कळवते" म्हणून फोन ठेवला. आई ऐकत होत्याच.

"डेंटिंग म्हणजे काय गं?"

"पत्र्याला पोचे आलेले असतात ना, ते काढायचं काम."

"मग तू काय करतेस दिवसभर? तू पण डेंटिंगवालीच की," आई म्हणाल्या आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच दचकल्या. घरात विनोद होऊन बरेच दिवस झाले होते.

पण ते तिच्या डोक्यात राहिलं. लॅबमध्ये खिडकीशी बसून एका बाईच्या पुढच्या दाताचा रंग जुळवताना ती दाराचाच विचार करत होती. लोकांना वाटतं दात पांढरा असतो. तो हिरडीपाशी पिवळसर असतो, मध्ये दुधी, आणि टोकाला जवळजवळ काचेसारखा. म्हणून रंग एकदम द्यायचा नसतो, पातळ पातळ थर द्यायचे, प्रत्येक थर पक्का होऊ द्यायचा, मग घासायचं, मग चकाकी. हे आपण रोज करतो. दार म्हणजे एक मोठा दातच समजायचा. संध्याकाळी ती रंगाच्या दुकानात गेली. पुढच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवरून रंगाचा नंबर तिनं हातावर लिहून आणला होता. दुकानदारानं डाळिंबी रंगाची एक छोटी बाटली दिली, तेवढीच रंगाखाली लावायच्या प्रायमरची आणि तेवढीच वरच्या पारदर्शक लॅकरची, थोडं थिनर, पाण्यात भिजवून वापरायचा बारीक पॉलिश पेपर, कागदी चिकटपट्टी आणि घासून चकाकी आणायच्या रबिंग पेस्टची डबी. सगळं मिळून एका पिशवीत मावलं, आणि घरी येईपर्यंत ती पिशवी तिनं छातीशी धरून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती. सकाळी ती बादली घेऊन खाली उतरली तेव्हा आईही मागोमाग आल्या. हातात प्लॅस्टिकचं स्टूल, खांद्यावर शाल. "मी नुसती बसते," म्हणाल्या, आणि नुसत्या बसल्या नाहीतच. साबण जास्त झाला, तिकडचा कोपरा राहिला, फडकं पिळून घे, असं चालू झालं. तिला त्याचा त्रास व्हायला हवा होता, पण कुणीतरी आपल्याला चुका सांगतंय याचं आत कुठंतरी बरंच वाटत होतं. गाडीला कित्येक महिन्यांची धूळ होती. धूळ निघाली तसा खालचा रंग दिसायला लागला, आणि ओरखडा आणखीच उठून दिसायला लागला, घर आवरलं की मोडकी खुर्ची जशी जास्त दिसते तसा. मग ती मागच्या बाजूला गेली. डाव्या दिव्याच्या खाली, बंपरवर, तळहाताएवढा एक भाग तिला वेगळा वाटला. रंग तोच, पण जास्त गुळगुळीत, जास्त चमकदार, आणि जवळून पाहिलं तर ब्रशाचे बारीक फराटे. इतकी वर्षं ही गाडी तिच्या डोळ्यांसमोर होती. हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. मेणाचा डाग असेल म्हणून तिनं कापसावर थोडं थिनर घेऊन पुसलं, आणि कापूस लालभडक झाला.

"अगं अगं अगं," आई स्टुलावरून अर्धवट उठल्या. "ते नको पुसूस. ते तुझं नेलपॉलिश आहे."

तिला काही समजेना. आईंनी शाल सारखी केली, इकडे तिकडे पाहिलं, बोलू की नको असं त्यांचं क्षणभर झालं. मग बोलल्या. गाडी घेऊन पुरता आठवडासुद्धा झाला नव्हता. ती लॅबमध्ये होती. तो आईंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि तिथल्या आवारात गाडी मागे घेताना त्यानं ती सरळ भिंतीवर नेऊन आपटली. "रडायचाच बाकी होता. मला म्हणतो, आई, हिला सांगू नकोस. मी दिवसभर हिला दार हळू लाव म्हणून सांगत असतो. घरी आलो, तर तुझ्या कपाटात ती बाटली. लग्नाला म्हणून आणली होतीस बघ तू, कुणाच्या तरी. रंग अगदी तोच. खाली जाऊन पालथा पडून लावत बसला होता. मी ह्या अश्शी उभी होते, तू फाटकातून येतेस का बघायला."

ती बाटली तिनं शोधली होती. शोधून सोडून दिली होती. हातात ओलं फडकं घेऊन ती तिथं उकिडवी बसली आणि त्याला पालथा पडलेला बघू लागली. ते चित्र तिच्याजवळ कधीच नव्हतं आणि आता एकदम होतं. त्याची पँट गुडघ्यांवर मळलेली, जीभ दातांत धरलेली, तेवढ्याशा बाटलीतला तेवढासा ब्रश. त्या एवढ्याशा ब्रशानं बंपर रंगवणाऱ्या माणसासाठी तिच्या पोटात मायेची कळ उठली. आणि तिच्या मागोमाग, सावकाश, राग आला. कडी धरून श्वास आत घ्यायचा तो! मी खांबाला टेकून उभी राहत होते. इतकी वर्षं. एकदा सांगितलं असतंस तर काय बिघडत होतं, की मीही आपटली होती, की तूही आपट, मग आपण दोघं मिळून पालथे पडू. मेलेल्या माणसावर रागवायचं नसतं, असं तिला वाटायचं. वर्षभर ती त्याच्याबद्दल फक्त चांगलं बोलत होती, आणि बोलता बोलता तो तिच्या हातातून निसटत चालला होता. आता राग आला तसा तो जवळ आला. इतका जवळ की त्याच्या मानेचा वास येईल.

"तुम्हीसुद्धा नाही सांगितलंत," ती म्हणाली.

"त्यानं वचन घेतलं होतं ना. आणि मला मजा वाटायची. घरात आमचं दोघांचं एक काहीतरी होतं." मग हळूच म्हणाल्या, "आता तुझं माझं झालं."

पुसलेलं अर्धं तिनं तसंच ठेवलं, आणि उरलेल्या अर्ध्याला हात लावला नाही. मग दाराकडे वळली. ओरखड्याच्या चारी बाजूंना कागदी पट्टी लावली. पट्टीचं एक टोक आईंनी धरलं. पेपर भिजवून, फार दाब न देता, एकाच दिशेनं घासलं. पांढरटपणाचा बराचसा भाग तेवढ्यानंच गेला. ते खांबाचं चुन्याचं अंग होतं, गाडीला चिकटून आलेलं. उघड्या पत्र्यावर प्रायमरचा ठिपका दिला. तो वाळेपर्यंत दोघी गप्प बसून होत्या, पण ते गप्प बसणं वरच्या खोल्यांतलं नव्हतं. दुपारी पहिला हात दिला. रंगाच्या कामात थराला हात म्हणतात हे आईंना ठाऊक नव्हतं. त्यांना तो शब्द फार आवडला. "किती हात लागतील?" "बघू. दोन-तीन." "घाई नको करूस," आई म्हणाल्या. "एकेका दिवशी एक."

संध्याकाळच्या तिरप्या उन्हात तिनं पाहिलं आणि तिचं मन खट्टू झालं. बाटलीतला रंग बरोबर होता. चूक गाडीची होती. कारखान्यातून निघाली त्या दिवशी ती अशी होती, बाटलीसारखी. त्यानंतर ऊन, पाऊस आणि रस्ते यांनी तिला जरा फिकी, जरा मवाळ करून टाकलं होतं. नव्या रंगाचा तो डाग जुन्या दारावर ओरडत होता. दुसऱ्या हातानं तो आणखी गडद झाला. लॅबमध्ये असं झालं की कॅपवर पिवळ्याची छटा चढवून तिला वयात आणायची, पण इथं ते कसं जमणार? ती विचार करत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिला सुचलं की नव्याला म्हातारं करता येत नसेल, तर जुन्याच्या अंगावरचा थकवा उतरवून बघावा. तिनं रबिंगची डबी उघडली, फडक्यावर वाटाण्याएवढं घेतलं आणि डागाच्या भोवतालचं जुनं दार गोल गोल घासायला घेतलं. फडकं लाल झालं. वरचा मेलेला थर निघत होता. आणि खालून, हळूहळू, तोच डाळिंबी वर आला, ओला, खोल, बाटलीतला. तो तिथंच होता. तिनं घाईघाईनं आईंना हाक मारली, शाळेतल्या मुलीनं मारावी तशी. आईंनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई गं."

तोवर शुक्रवार आला. थोरलीचा फोन आला तेव्हा आई बाल्कनीत जाऊन बोलल्या. दार उघडंच होतं. "अगं, रंग वाळायला वेळ लागतो. नाही, ह्या रविवारी कसं जमणार? अजून एक हात द्यायचाय. मग वरचा पारदर्शक. मग ते घासतात. तुला नाही कळायचं." आई तरुणपणी टेलिफोनच्या ऑफिसात होत्या, अनोळखी माणसांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायच्या, फोनवर त्यांचा आवाज अजूनही सरळ, स्वच्छ यायचा. आज तो तसा नव्हता. तिला वाटलं, गाडीची त्यांना फारच काळजी लागली आहे. बिचाऱ्यांना लेकीकडे जायचंय आणि आपल्या वेंधळेपणानं अडकून पडल्यात. म्हणून पुढचा आठवडाभर ती रोज कामावरून आली की कपडे न बदलता खाली जायची, उजेड असेतो काम करायची. लॅकर दिला. वाळू दिला. पुन्हा दिला. आणि रोज आई स्टूल घेऊन यायच्या, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढायच्या, आणि म्हणायच्या, "इथं अजून दिसतंय गं. अजून एक हात दे." ती द्यायची. रविवार पुन्हा पुढे गेला. वर घरात त्या आता चहावरून आग्रह करत नव्हत्या. जी आधी उठेल ती करत होती. एका सकाळी आई म्हणाल्या, "चहा नुसता पाणचट केलायस," आणि तिनं "मग उद्या तुम्ही करा" म्हणून ठणकावून सांगितलं, आणि कामावर जाताना रस्ताभर तिला हलकं वाटत राहिलं. का ते तिला उमगलं नाही.

शेवटचं पॉलिश झालं ती दुपार सुट्टीची होती. उजेड चांगला होता. ती दारासमोर बसली, डोकं एका बाजूला कलतं करून, मग दुसऱ्या बाजूला, रोज दात बघते तशी. कड कुठं सापडत नव्हती. नख फिरवलं. अडकलं नाही. अगदी खाली वाकून, गाल पत्र्याला जवळजवळ टेकवून पाहिलं, तेव्हा एके ठिकाणी प्रकाश जरासा थबकल्यासारखा वाटत होता, पण ते ठाऊक असणाऱ्यालाच. "आई, बघा," ती म्हणाली. आई उठल्या. चष्मा लावला. खूप वेळ पाहिलं. मग बोट पुढे करून दारावर एका जागी टेकवलं.

"इथं अजून खडबडीत लागतंय बघ. इथं अजून एक हात हवा."

तिनं बोटाकडे पाहिलं. बोट दाराच्या पार पुढच्या कोपऱ्यात होतं, काचेच्या अगदी खाली. ओरखडा तिथपर्यंत कधी गेलाच नव्हता. तिथं पहिल्यापासून काही झालंच नव्हतं. तो गाडीचा सगळ्यात धड भाग होता. आईंची नजर अधू झाली असेल, असं क्षणभर तिच्या मनात आलं, आणि तिनं बोटावरून वर, चेहऱ्याकडे पाहिलं. आई दाराकडे बघत नव्हत्या. त्या तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत परीक्षेला बसलेल्या माणसाची भीती होती. बोट जागचं हलत नव्हतं. आणि तिला गेले दोन आठवडे एकदम, उलट्या बाजूनं, दिसले. एकेका दिवशी एक. घाई नको करूस. तुला नाही कळायचं. कळलं नव्हतं ते आपल्यालाच. रंगाची छटा ओळखण्यात आयुष्य गेलेली आपण, आणि एवढं समोरचं दिसू नये? तिला वाटलं, उठावं, बादलीत पेपर बुडवावा आणि म्हणावं, हो आई, खरंच की, इथं राहिलंच. मग उद्या आणखी कुठं. गाडीचं अख्खं अंग पडलं आहे. असे महिने जातील. पण तेही पुन्हा तसंच झालं असतं, दोघींनी एकमेकींना न दुखवता, काही न बोलता चालवलेलं. आणि चांगल्या रंगावर पेपर फिरवायला तिचा हात धजला नसता.

"आई, तिथं काही नाहीये."

"नाही?"

"नाही. झालं सगळं."

आईंनी बोट मागे घेतलं. ते शालीत गुंडाळलं. "मग झालंच म्हणायचं," त्या म्हणाल्या. "छान झालंय हो. कुणाला कळणार नाही." आणि थोड्या वेळानं, स्टूल उचलायला वाकत, "थोरलीला सांगते मग. ह्या रविवारी."

"नका जाऊ."

रबिंगनं लाल झालेले हात तिनं समोर धरले होते, कुठं पुसावेत ते न कळून. "माझ्यासाठी नका जाऊ," ती मोठ्या कष्टानं म्हणाली. "तुम्हाला जायचं असेल तर जा, असं मी मागे म्हटलं, ते मी... मला तसं म्हणायचं नव्हतं. मला तुम्ही इथं हव्या आहात. मला एकटीला घरात करमत नाही. आणि तुम्ही असल्या की करमतं."

आई वाकलेल्याच राहिल्या. मग स्टूल परत खाली ठेवून त्यावर बसल्या. "मला वाटलं," त्या म्हणाल्या, "तुला मोकळं व्हायचं असेल. अजून वय आहे तुझं. सासू कुठं सांभाळत बसतेस."

"मी कुठं सांभाळते? तुम्हीच तर सकाळपासून फडकं पिळ म्हणताय."

"मग पिळ की. टपकतंय किती," आई म्हणाल्या, आणि त्यांनी तिचे ते लाल, ओशट हात स्वतःच्या शालीच्या टोकानं एकेक बोट करून पुसले. शाल खराब होत होती. तिनं हात मागे घेतले नाहीत.

थोरलीला फोन तिनंच केला. आई करते म्हणाल्या होत्या, पण तिला वाटलं, हे आपलं आहे. आई इथंच राहतील, असं तिनं सरळ सांगून टाकलं. मग थोरली म्हणाली, "आईला बरं नाहीये का?" बऱ्या आहेत, ती म्हणाली, अगदी बऱ्या आहेत, मलाच त्यांना सोडवत नाहीये. "माझा भाऊ गेला," थोरली म्हणाली, आणि तिचा नेहमीचा ठाम आवाज मध्येच कुठंतरी दुमडला. "मलापण आई हवी होती गं जवळ. खोली रंगवून ठेवली आहे मी." हे तिच्या मनातच आलं नव्हतं. थोरली म्हणजे निर्णय घेणारी, गाड्या ठरवणारी, भराभर बोलणारी. तिच्या घरात एक रंगवलेली रिकामी खोली असेल, आणि ती येताजाता तिच्या दारात थांबत असेल, हे तिला दिसलंच नव्हतं. ती म्हणाली, "मी घेऊन येत जाईन त्यांना. दर पंधरवड्याला. राहतील दोन दिवस त्या खोलीत." "तू? गाडीनं?" "गाडीनं." "तुला येते चालवायला?" "येईल," ती म्हणाली. थोरली रडता रडता हसली असावी. "सावकाश ये बाई," ती म्हणाली.

रविवारी सकाळी त्या दोघी निघाल्या. आई पुढच्या सीटवर, मांडीवर थोरलीसाठी घेतलेली पिशवी, पट्टा गळ्याशी येतो म्हणून कुरकुरत. खांबांमधून गाडी सुरळीत बाहेर पडली. मोठा रस्ता लागला. पहिल्या चौकात सिग्नल लाल होता. तिनं गाडी थांबवली, नीट, रेघेच्या अलीकडे. हिरवा झाला तेव्हा क्लच जरा लवकर सुटला आणि गाडी एक उडी मारून बंद पडली. तिनं चावी फिरवली. पुन्हा उडी, पुन्हा बंद. मागून हॉर्न वाजायला लागले, आधी एक, मग त्याचं ऐकून बाकीचे. अगदी मागचा एक जण तर हातच काढत नव्हता हॉर्नवरून. तेवढ्यात तिला शेजारी काच खाली जाण्याचा आवाज आला. आईंनी पट्ट्यातून जमेल तेवढं अंग बाहेर काढलं होतं आणि मागे वळून, चौकातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात त्या म्हणत होत्या, "अहो, जरा धीर धरा! शिकतेय ती! घाई असेल तर वरून जा!"

मागचे हॉर्न एकदम थांबले. आई डोकं आत घेऊन, काच वर करून, केस सारखे करून, समोर बघत सरळ बसल्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं. वरून जा, ती मनात म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. आधी नाकातून, मग दाबता दाबता खांद्यांतून, मग स्टिअरिंगवर कपाळ टेकवून, पोट धरून. "हसायला काय झालं?" आई म्हणाल्या, आणि त्याही हसू लागल्या, पदरात पिशवी गच्च धरून, डोळे पुसत. समोर सिग्नल पुन्हा लाल झाला होता. आता मागचं कुणी काही म्हणू शकत नव्हतं. त्यांच्याजवळ वेळच वेळ होता.